शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे मराठी भाषा सांगते. कोंकणीत तर शिजलेल्या साऱ्या भातालाच शीत म्हणतात. घाटावरच्या माणसाला शीत म्हणजे भाताचा एक कण. गोमंतकीयाला शीत म्हणजे ताटात वाढलेला अवघा भात. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत भाताकडे पाहण्याच्या दोन दृष्टी दडलेल्या आहेत. एक कणाकडे पाहते, दुसरी राशीकडे. मोकळ्या भाताचा अभिमानी शिते न्याहाळतो. मऊ भाताचा भोक्ता रास पाहून तृप्त होतो. या लेखात आम्ही ज्या पदार्थाचे परीक्षण योजिले आहे, तो जिरेभात पहिल्या पक्षाचा होय. त्याचे शीत शितापासून सुटे नसेल, तर त्यावर तूप कितीही ओतले आणि जिरे कितीही खमंग असले तरी तो जिरेभात म्हणून उभा राहत नाही. तो मोकळा कसा होतो, आणि घरोघरी तो बिघडतो तेव्हा दोष कोणाचा, हे दोन प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. पहिला प्रश्न पाकशास्त्राचा आहे, दुसरा न्यायाचा.

हे परीक्षण आम्ही हुमनाबादेत बसून करीत आहोत, ही गोष्ट विषयाला सोडून नाही. गोमंतकातील वाचकांना या गावाच्या नावात हुमण ऐकू आले, तर त्यांचा तो गोड भ्रम आम्ही मोडीत नाही. परंतु येथे ना समुद्र, ना भातखाचरे. बिदर जिल्ह्यातील हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्ये बदलली, तरी शेत बदलले नाही. हा मुलूख ज्वारीचा आणि तुरीचा. भाकरी हे येथले रोजचे अन्न. भात सणाचा, पाहुण्याचा, लग्नाच्या पंगतीचा, किंवा मग आजाऱ्याच्या पथ्याचा. भाकरीचे पीठ किती मळावे आणि तवा कधी तापला समजावे, हे येथील बाईला कोणी पुस्तकातून सांगावे लागले नाही. ते ज्ञान तिच्या तळहातात होते. भाताचे तसे नव्हते. जो पदार्थ महिन्यातून चार वेळा शिजतो त्याचे ज्ञान हातात मुरत नाही. ते ऐकून किंवा वाचून घ्यावे लागते. म्हणूनच भाताची पाककृती कशी लिहिली जाते, हा प्रश्न कोकणापेक्षा आमच्या भागात अधिक महत्त्वाचा ठरतो.

फोडणी दिलेला भात मात्र येथे परका नाही. हैदराबादी परंपरेतील बगारा खाना या भागातील मुसलमान घरांच्या लग्नांत दालच्यासह वाढला जातो. त्यात शहाजिरे, लवंग, दालचिनी, कांदा, आले-लसूण आणि पुदिना असा मोठा लवाजमा असतो. कानडी घरांत लिंबू पिळलेले चित्रान्न होते. मराठी घरांत आदल्या रात्रीच्या उरलेल्या भाताला मोहरी-हळदीची फोडणी बसते. या कुटुंबात जिरेभात हा सर्वांत धाकटा. तो आमच्याकडे मुख्यतः हैदराबाद-सोलापूर हमरस्त्यावरील ढाब्यांच्या आणि उत्तरेकडील पद्धतीच्या हॉटेलांच्या पाटीवरून आला, आणि येताना 'जीरा राईस' हे नावही घेऊन आला. लिंबूभात, वांगीभात, नारळीभात अशी शब्दांची सरळ परंपरा ज्या भाषेत आहे तिने जिरेभात हा शब्द टाकून द्यावा, याचे आम्हांस नवल वाटते. नावाचा वाद आम्ही येथेच सोडतो. धाकट्याचा स्वभाव पाहणे अधिक अगत्याचे आहे.

तांदूळ, जिरे, तूप, मीठ आणि पाणी, एवढेच त्याचे साहित्य. हा साधेपणा फसवा आहे. मसालेभातात तोंडली आहेत, गोडा मसाला आहे, वरून खोबरे-कोथिंबीर आहे. तांदूळ थोडा कमी-जास्त शिजला तरी त्याची लाज झाकायला इतके सोबती पुढे येतात. साखरभातात पाक शिताला आधार देतो. जिरेभाताला असे कोणी नाही. त्यात भात हाच नायक, आणि त्याच्या अंगावर वस्त्रही फारसे नाही. म्हणून ज्याला पाककृतींची पुस्तके 'सोपा प्रकार' म्हणून पहिल्या पानांत बसवितात, तो वस्तुतः भाताच्या ज्ञानाची कठीण परीक्षा आहे.

आता या पदार्थाची प्रचलित पाककृती पाहू. ती बहुतेक ठिकाणी येणेप्रमाणे सांगितली जाते : एक वाटी बासमती तांदूळ, दोन वाट्या पाणी, चमचाभर जिरे, तूप, मीठ; झाकण ठेवून शिजवावे. या सगळ्यात जो भाग आज्ञेसारखा उच्चारला जातो तो म्हणजे 'एकास दोन'. आमचा मुख्य आक्षेप याच दोन शब्दांवर आहे.

हे प्रमाण तयार करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत रूढ केले. आईपासून दूर संसार मांडलेल्या मुलींना त्या मापाने केवढा आधार दिला, हे कोणत्याही मराठी कुटुंबाला सांगण्याची आवश्यकता नाही. माप सांगणे हा उपकारच होय. परंतु प्रत्येक नियमाला एक अधिकारक्षेत्र असते. ते न सांगता नियम तेवढा हातोहात पुढे जात राहिला, तर तोच नियम अन्यायाचे साधन बनतो. 'एकास दोन'चे नेमके तसेच झाले आहे.

याचे कारण असे की भाताच्या पातेल्यात पाणी एक नसते; दोन असतात. एक पाणी तांदूळ पितो. दुसरे पाणी वाफ होऊन जाते. तांदूळ जे पाणी पितो ते तांदळाच्या प्रमाणात असते, आणि मापाने ते साधारणतः तांदळाएवढेच असते, वाटीला वाटी. वाफेच्या पाण्याचा तांदळाशी संबंध नाही. ते पातेल्याच्या तोंडावर, झाकणाच्या घट्टपणावर, आचेवर आणि वेळेवर अवलंबून असते. एक वाटी तांदूळ शिजायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फारसा अधिक वेळ चार वाट्यांना लागत नाही. म्हणून वाफेचे पाणीही चौपट होत नाही. एका वाटीला पाऊण किंवा एक वाटी वाफेसाठी धरली, तर 'एकास दोन' हे प्रमाण जवळजवळ खरे ठरते. चार वाट्यांनाही तेवढीच किंवा किंचित अधिक वाफ जाईल. म्हणजे पाच-साडेपाच वाट्या पाणी पुरते. तेथे पुस्तकाप्रमाणे आठ वाट्या घातल्या की पाहुण्यांसमोर लगदा येतो.

दोघांपुरता रोज उत्तम होणारा भात पाहुणे आले की का बिघडतो, या घरोघरच्या कोड्याचे उत्तर बव्हंशी येथे आहे. बाईने हयगय केलेली नसते. तिने नियम अक्षरशः पाळलेला असतो, आणि म्हणूनच भात बिघडलेला असतो. कुकरच्या डब्यात हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. डब्यातून वाफ जवळजवळ जातच नाही. तेव्हा वाफेसाठी धरलेले सर्व पाणी तांदळाच्याच माथी बसते आणि भात आसट होतो.

पुस्तकांपूर्वीचा जो नियम होता तो या दृष्टीने अधिक शहाणा होता. तांदूळ बुडून वर बोटाचे पेरभर पाणी राहावे, असे जुन्या बायका सांगत. त्या पातेल्यात बोट उभे धरीत आणि पाणी पाहत. पातेले तेच असेल तर तांदूळ थोडा असो की पुष्कळ, वरचे पाणी पेरभरच; तांदळाच्या दुपटीने ते दुप्पट होत नाही. वाफ पृष्ठभागावरून जाते आणि पृष्ठभाग तर बदललेला नाही, हे तत्त्व त्या बोटाने न बोलता ओळखले होते. हा नियम अचूक होता असा आमचा दावा नाही. बोटे लहानमोठी असतात, तांदूळही निराळे असतात. तथापि दोन पाण्यांतला भेद त्यात शिल्लक होता, आणि छापील प्रमाणात तो पुसला गेला. माणिकनगर येथे, हुमनाबादेला लागूनच, माणिकप्रभूंच्या (१८१७-१८६५) समाधिस्थानी दत्तजयंतीच्या उत्सवात पंगतीमागून पंगती उठतात. अशा मोठ्या पंगतीचा स्वयंपाक करणारा आचारी वाटीचा हिशोब हजाराने गुणून पाणी ओतू लागला, तर काय होईल याची कल्पना कोणीही करावी.

दुसरा आक्षेप तांदळाविषयी. 'एक वाटी तांदूळ' या शब्दांत कोणता तांदूळ हे आलेले नाही. किंवा आले असेल तर 'बासमती' एवढेच, जणू त्याखेरीज इतर तांदूळ जिरेभाताच्या दारात उभे राहण्यास अपात्र. या बाबतीत आमच्या भागाचा इतिहास उद्बोधक आहे. हुमनाबादेजवळचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने १२ व्या शतकात, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात मराठीचे जुने अवशेष सापडतात म्हणून आपले भाषाभ्यासक त्याचे नाव घेतात. परंतु त्यात अन्नभोगाचेही प्रकरण आहे, आणि तेथे तांदळाचे आठ प्रकार नावानिशी सांगितलेले आहेत : रक्तशाली, महाशाली, गंधशाली, कलिंगक, मुंडशाली, स्थूलशाली, सूक्ष्मशाली आणि साठ दिवसांत पिकणारा षष्टिक. रंग, आकार, गंध, प्रदेश, कुसळ आणि पिकण्याचा काळ या सगळ्या कसोट्या त्या नावांतच आहेत. ज्वारीच्या मुलखात राजधानी असलेला राजा तांदळाच्या जाती ओळखून त्याविषयी लिहितो, आणि नऊ शतकांनंतरची पाककृती 'एक वाटी तांदूळ' म्हणून मोकळी होते, ही प्रगती आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

जात का महत्त्वाची, हे आजचे विज्ञान अधिक स्पष्ट करते. तांदळातील पिष्ट दोन प्रकारचे : अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज अधिक असेल तर शीत मोकळे राहते. अमायलोपेक्टिनचे प्राबल्य असेल तर ते शेजाऱ्याला बिलगते. आंबेमोहोर आणि इंद्रायणी हे सुवासिक तांदूळ स्वभावतः चिकट आहेत. वरणभातात, मेतकूट-तुपात तो चिकटपणा हाच त्यांचा गुण. त्यांचा जिरेभात फडफडीत व्हावा म्हणून हट्ट धरणे म्हणजे अभंगाकडून पोवाड्याची अपेक्षा करणे होय. बासमतीचा दाणा शिजताना जाडीपेक्षा लांबीत अधिक वाढतो, म्हणून तो या कामी निष्णात ठरला. १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या बासमतीच्या शासकीय मानकांत दाण्याची सरासरी लांबी, शिजल्यावर तो किती पट लांबतो आणि त्यात अमायलोज किती, यांचा विचार केलेला आहे; कृत्रिम रंग आणि कृत्रिम सुगंधही तेथे वर्ज्य आहेत. आजी मुठीत तांदूळ घेऊन, वास घेऊन, एक दाणा दातांखाली चावून जे ठरवीत असे, ते आता कायद्याच्या कलमांत येऊन बसले आहे.

परंतु बासमती नसेल तर जिरेभात नाही, हे आम्हांस मान्य नाही. कोलम, सोनामसुरी, एचएमटी हे बारीक तांदूळ आमच्या बाजारात मिळतात आणि त्यांचा नेटका मोकळा भात होतो. यांपैकी एचएमटीची गोष्ट प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावी अशी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून हे वाण सिद्ध केले, आणि त्याला नाव मिळाले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे. २०१८ मध्ये ते निवर्तले. अशा तांदळाला 'साधा' म्हणून नाक मुरडणारी पाककृती स्वतःच्या घरातील धनास मुकते.

जातीइतकेच वय महत्त्वाचे. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि वर्षभर मुरलेला जुना तांदूळ अधिक पाणी पिऊनही सुटा राहतो, हे आपल्याकडे सर्वश्रुत होते. तरीही पाककृतीत तांदूळ नवा की जुना हा शब्द क्वचितच आढळतो. नव्या तांदळाला दोन वाट्या पाणी सांगणे आणि वर्षाच्या तांदळालाही तेवढेच सांगणे, म्हणजे बालकाला आणि प्रौढाला एकच शिक्षा फर्मावणे होय.

तिसरा आक्षेप पद्धतीविषयी. भात शिजविण्याच्या दोन स्वतंत्र रीती आपल्याकडे आहेत आणि दोहोंना नावे आहेत. मोजक्या पाण्यात शिजवून ते सगळे मुरवला तो बैठा भात. भरपूर आधणात तांदूळ वैरून, शिजत येताच पेज काढून टाकली तो वेळलेला भात. या दोन रीतींतला भेद लक्षात घेतला म्हणजे लेखाच्या आरंभीच्या म्हणीचा अर्थही नव्याने उलगडतो. वेळलेल्या भातात तांदूळ उकळत्या पाण्यात खालीवर फिरत असतो. प्रत्येक शिताला सारखीच आच आणि सारखेच पाणी मिळते. म्हणून तेथे एक शीत चेपून पाहिले की साऱ्या भाताची साक्ष मिळते. बैठ्या भाताची गोष्ट निराळी. तळाची शिते पाण्यात आणि आचेजवळ, वरची शिते वाफेवर. तळ गिच्च असताना वर कणी राहू शकते. तेथे एका शितावरून निकाल देणे म्हणजे एका साक्षीदाराच्या जबानीवर साऱ्या गावाला दोषी धरणे. आमच्या मते ही म्हण मुळात वेळलेल्या भाताची आहे. बैठ्या भाताला तीन शिते तपासावी लागतात : तळचे, मधले आणि वरचे.

हॉटेलातील जिरेभाताचे रहस्यही या भेदातच आहे. तेथे तांदूळ बहुधा आधी आधणात शिजवून, वेळून, पसरून गार केलेला असतो, आणि गिऱ्हाइकाने मागणी केल्यावर तूप-जिऱ्यात परतून वाढला जातो. गार होताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात आणि शीत घट्ट होते. मग ते परतताना मोडत नाही. म्हणजे हॉटेलातला जिरेभात हा वास्तविक आपल्या फोडणीच्या भाताचाच सुशिक्षित बंधू आहे. घरी मात्र पाककृती बैठ्या भाताची सांगावयाची आणि तुलना हॉटेलातल्या वेळलेल्या, निवलेल्या, परतलेल्या भाताशी करावयाची, हा साहित्यातील एक प्रकार दुसऱ्याच्या कसोटीने जोखण्यासारखा दोष आहे. घरी ती रीत पत्करावयाची असेल तर एक सावधगिरी हवी : शिजलेला भात तासन्‌तास उघड्यावर राहू देऊ नये, तो लवकर निववून थंड कपाटात ठेवावा, कारण कोमट भातात अपायकारक जंतू झपाट्याने वाढतात.

केवळ दोष दाखवून थांबणे हा टीकेचा धर्म नव्हे. म्हणून घरच्या बैठ्या जिरेभाताची रीत कारणांसह मांडतो. एक वाटी जुना बासमती तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवावा. दाण्याच्या अंगावरचे सुटे पिष्ट निघून जाते, नाहीतर तेच पुढे खळ बनून शिते चिकटविते. वीस ते तीस मिनिटे भिजवावा. दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी आधीच पोचल्याने तो सारखा शिजतो आणि मोडत नाही. मग रोवळीत किंवा चाळणीत पूर्ण निथळू द्यावा. निथळला नाही तर न मोजलेले पाणी पातेल्यात जाते. जाड बुडाच्या पातेल्यात मोठा चमचा तूप तापवून त्यात दीड लहान चमचा जिरे टाकावे; ते फुलून तपकिरी झाले की तांदूळ घालून दोन मिनिटे अलगद परतावा. भिजलेल्या तांदळाने थोडे पाणी आधीच प्यायलेले असल्याने आता कडकडीत पाणी दीड वाटीच पुरे. मीठ घालावे. वरचे पाणी आटून भातावर छिद्रे दिसू लागली की आच अगदी मंद करून, पातेल्याखाली तवा सारून, घट्ट झाकणाखाली आठ-दहा मिनिटे ठेवावा. चार वाट्या तांदूळ असेल तर पाणी पाच वाट्या.

यानंतरची पायरी बहुतेक पाककृतींत गाळलेली असते : आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडावयाचे नाही. या दहा मिनिटांत तळचे आणि वरचे शीत यांच्यातला तंटा मिटतो. ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि शिताचा पृष्ठभाग आवळून येतो. घाईने झाकण काढून डाव फिरविला की वाफेने मऊ झालेली शिते तुटतात, आणि दोष पुन्हा पाण्यावर जातो. कोलम किंवा सोनामसुरी असेल तर तो वेळून घ्यावा आणि मग तूप-जिऱ्याची फोडणी वर ओतून वाफ मुरू द्यावी, असे आम्ही सुचवू. पेजेबरोबर काही जीवनसत्त्वे जातात, हा त्या रीतीतला तोटा खरा. परंतु पेज फेकलीच पाहिजे असे कोणी सांगितले आहे? मीठ घालून ती प्यावी, हे कोंकणी वाचकांना आम्ही सांगावे असेही नाही.

जिऱ्याविषयी दोन शब्द. हे पीक हिवाळ्यातील कोरडी हवा मागते. गुजरात-राजस्थानात ते होते आणि गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी पेठ. त्याचा सुगंध तेला-तुपात उतरतो, पाण्यात तसा उतरत नाही. म्हणूनच फोडणी आधी, पाणी मागाहून. तपकिरी जिरे आणि काळे जिरे यांत काही क्षणांचेच अंतर असते, आणि ते ओलांडले की कडवटपणाला उपाय उरत नाही. तूप पुरेसे तापले की नाही हे पाहण्यास दोन दाणे आधी टाकून बघावे. बगाऱ्यातील शहाजिरे हे निराळ्या वनस्पतीचे बी आहे. त्याचा दाणा बारीक, वास अधिक मृदू. एकाच्या जागी दुसरे घालून नाव तेच ठेवणे बरे नव्हे.

येथवर आम्ही मोकळेपणा हा गुण गृहीत धरला. तो सर्वत्र गुण आहे काय? मुळीच नाही. भाताची योग्यता त्याच्या सोबत्यावरून ठरते. जिरेभाताबरोबर दाट दाल येते, आणि ती शिताशिताभोवती बसावयास जागा लागते. म्हणून तेथे मोकळेपणा हवा. हाताने कालवून सार-भात खाणाऱ्याला सुटी शिते बोटांतून निसटणारी वाटतील. लहान मुलाचा गुरगुट्या भात, म्हाताऱ्याचा आसट भात, हे जिरेभाताहून हलक्या प्रतीचे नव्हेत. गोमंतकातील उकडा तांदूळ तर साळीतच उकडून, वाळवून मग कांडलेला असतो. त्याचे पिष्ट आधीच बसलेले असल्याने शीत जाड, टणक आणि स्वभावतः सुटे होते, आणि तरीही त्याची खरी थोरवी पेजेत आहे. हॉटेलच्या पाटीने मोकळेपणाला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यापुढे घरातल्या इतर भातांनी मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता न्यायाचा प्रश्न. जुलै २०१३ मध्ये कर्नाटकात अन्नभाग्य योजना सुरू झाली. रुपया किलो दराने तांदूळ गरीब कुटुंबांना मिळू लागला आणि पुढे तोही विनामूल्य झाला. त्या तांदळाने भूक भागविली, हे निर्विवाद. परंतु ज्या घरांत भाकरीची चव आणि भाकरीचेच ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते, तेथे भात रोजचा झाला. महिन्यागणिक दुकानातून येणारा तांदूळ निराळा. कधी नवा, कधी जुना, कधी तुकडा अधिक. त्या तांदळाला पुस्तकातले किंवा शेजारणीने ऐकविलेले 'एकास दोन' लावले जाते. भात कधी गचका होतो, कधी कणी राहते. आणि पंक्तीला बसलेला घरधनी ताट सरकवून म्हणतो, हिला साधा भात येत नाही. नव्या सुनेच्या बाबतीत तर हा निकाल वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा ऐकविला जातो. शितावरून भाताची परीक्षा होते येथवर ठीक. परंतु भातावरून बाईची परीक्षा करण्याची मुभा या म्हणीने कोणाला दिली?

पुराव्याचा एक साधा दंडक आहे : कार्य दिसले म्हणून कारण सिद्ध होत नाही. भात बिघडला हे कार्य. त्याची कारणे तांदळाची जात, त्याचे वय, पातेल्याचे तोंड, झाकण, आच, माणसांची संख्या आणि पाककृती लिहिणाऱ्याचे मौन अशी अनेक. यांतली बहुतेक त्या बाईच्या हाती नसतात. तांदूळ तिने निवडलेला नसतो, पातेले तिने विकत आणलेले नसते, आणि झाकण मुरण्याआधीच उघडले जाते ते बहुधा बाहेर कोणीतरी भुकेने ओरडत असतो म्हणून. तरीही आरोपीच्या पिंजऱ्यात तीच एकटी उभी.

सबब आमची मागणी दोघांकडे आहे. पाककृती लिहिणाऱ्यांनी पाण्याचा आकडा देताना तांदूळ कोणता, नवा की जुना, भिजलेला की कोरडा, पातेले केवढे आणि झाकण कसे, हे सांगावे. निदान तांदळाचे पाणी आणि वाफेचे पाणी ही दोन वेगळी आहेत, एवढे तरी लिहावे. आकडा पाठ होतो आणि विसरला जातो. कारण एकदा समजले की ते दुसऱ्या तांदळालाही उपयोगी पडते. आणि जेवावयास बसणाऱ्यांनी तोंड उघडण्यापूर्वी तीन शिते तपासावी : एक तळचे, एक मधले, एक वरचे. तेवढ्यात भातही मुरेल, आणि बोलणाराही.